चुकल्याचुकल्यासारखं

चोडण, गोवा

प्रिय बाळ्या,

चवथीला तू आला नाहीस. गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधताना स्टूल धरायला यंदा भाचा होता, आरतीला घुमट हे मातीचं वाद्यही वाजलं, पण घरात सारखं चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. याच शब्दावरून तुला एक सांगायचंय.

पणजीच्या मळा भागातल्या गेस्टहाऊसच्या काउंटरवर बसायला लागून मला आठ महिने झाले. 'मिस' या क्रियापदाचा मला एकच अर्थ ठाऊक होता, गाडी चुकणे. रायबंदरची फेरीबोट माझी इतक्यांदा चुकते की तो अर्थ विसरणं शक्यच नव्हतं. मे महिन्यात एक म्हाताऱ्या बाई तीन आठवडे राहून निघाल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, 'वी विल मिस यू.' मला वाटलं, आम्ही तुला चुकवू, टाळू. आपलं काय चुकलं या विचारात मी बॅगा टॅक्सीत ठेवल्या आणि धड निरोपही न देता आत आलो. काउंटरवर त्यांनी त्यांच्या पत्त्याची चिठ्ठी ठेवलेली होती. टाळणारं माणूस पत्ता कशाला देईल?

त्या रात्री शब्दकोश काढला. हे क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, तेव्हाचा अर्थ नेम चुकणे. मग फेरी चुकणे, वर्ग बुडणे, अपघातातून थोडक्यात बचावणे, आणि शेवटी माणूस जवळ नसल्याचं जाणवणे. आपण त्याला 'आठवण येणे' म्हणतो, पण आठवण भांडलेल्या माणसाचीही येते. 'मिस' म्हणजे त्याची रिकामी जागा टोचणे. आणि बाळ्या, आपलं 'चुकणे' याच वाटेने गेलंय! नेम चुकतो, वाट चुकते, फेरी चुकते आणि जिवलग नसला की चुकल्याचुकल्यासारखं होतं. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता हे केलं, याचं मला केवढं अप्रूप वाटलं.

फरक आहे तो वाक्यात. आपल्याकडे फेरी चुकते, आठवण येते, आपण नुसते धक्क्यावर उभे. इंग्रजीत सगळं 'आय' करतो. आणि पुढे दुसरं क्रियापद आलं तर 'टू' नको. 'आय मिस टू टॉक' चूक, 'आय मिस टॉकिंग टू यू' बरोबर. हे मी बरेच दिवस चुकीचं बोलत होतो. आता पाहुण्यांनी इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चची वाट विचारली की ठसक्यात सांगतो, 'यू कान्ट मिस इट.' पांढरंशुभ्र चर्च, समोर नागमोडी पायऱ्या, कोण चुकेल?

त्या बाईंना काल पत्र टाकलं. माफी मागितली आणि खाली लिहिलं, 'वी मिस यू टू.' इथला 'टू' वेगळा, 'सुद्धा' या अर्थाचा, तो बरोबर आहे, तीनदा तपासला.

दिवाळीला मात्र ये. रात्रीची फेरी चुकली तर रायबंदरच्या धक्क्यावरच थांब, फोन कर. मी येतो.

तुझाच,
दाजी