दंवाला बर्फवृष्टी म्हणू नका, प्लीज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात पहिल्या पानावर महाबळेश्वरचा फोटो होता. वेण्णा लेकच्या काठावर उभी गाडी, टपावर पांढरा थर, त्यात कोणीतरी बोटाने नाव कोरलेलं, आणि वर मोठ्या टायपात "महाबळेश्वरात बर्फवृष्टी". फोटो खरंच सुंदर होता, काढणारा पहाटे थंडीत कुडकुडत तिथे थांबला असणार, त्याचं कौतुकच आहे. पण ती बर्फवृष्टी नव्हती हो. ते गोठलेलं दंव होतं, हिमकण. वरून काहीच पडलेलं नव्हतं, आभाळ निरभ्र होतं म्हणूनच तर तो थर धरला. दर डिसेंबर-जानेवारीत ही बातमी येते आणि दर वर्षी मी पत्र लिहायचं ठरवते, या वर्षी लिहितेच आहे.

एका शब्दासाठी एवढं काय, असं वाटेल म्हणून आधी माझं सांगते. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाच्या बागा असलेलं घर. लग्नानंतर अमेरिकेत आले आणि २०११ पासून न्यूयॉर्क राज्यात बफेलो शहराजवळ ॲम्हर्स्टला राहते. इथे वर्षाला सरासरी ९५ इंच स्नो पडतो, म्हणजे जवळजवळ आठ फूट. पहिले दोन हिवाळे मी नुसती शॉव्हल मारत वैतागले, मग शेजारच्या आजोबांनी मला स्नो मोजायला शिकवलं आणि तेव्हापासून जे वेड लागलं ते लागलंच. आता नोव्हेंबर लागला की आमचा सात-आठ जणांचा ग्रुप जागा होतो, त्यात एक बसड्रायव्हर आहे, एक नर्स आहे, दोन कॉलेजची पोरं आहेत. रात्री साडेदहा-अकराला जीएफएस या अमेरिकन हवामान मॉडेलचा नवा अंदाज यायला लागतो, युरोपियन मॉडेलचा मध्यरात्र उलटल्यावर, आणि सकाळी ऑफिस असलं तरी कोणीतरी जागं असतंच, बँड कुठे बसणार ते बघायला.

बँड म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. आमच्या पश्चिमेला लेक ईरी, ३८८ किलोमीटर लांब पण उथळ, सरासरी खोली १९ मीटर. उन्हाळ्यात पाणी पटकन तापतं आणि नोव्हेंबरपर्यंत त्यात बऱ्यापैकी ऊब शिल्लक असते. बफेलोच्या पाणीपुरवठा केंद्रापाशी या पाण्याचं तापमान १९२७ पासून रोज मोजलं जातंय, आम्ही ते रोज बघतो, गावाकडे धरणाची पातळी बघतात तसं. मग कॅनडाकडून कडक थंड हवा येते. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्यात १३ अंशांचा फरक पडला की लेक पेटलाच म्हणून समजा. वारा नैऋत्येचा असला की तो लेकच्या अख्ख्या लांबीवरून वाफ गोळा करत येतो आणि एका अरुंद पट्ट्यात सगळं ओततो. वीज कडाडते आणि वरून बर्फ पडतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. वारा जरासा फिरला की पट्टा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत लेकच गोठला की कारखाना जवळजवळ बंद.

नोव्हेंबर २०१४ ला हा पट्टा बफेलोच्या दक्षिणेला जो बसला तो हलेचना. तिकडे पाच फुटांच्या वर, लोकांची दारं उघडेनात, आणि आमच्याकडे उत्तरेला काही इंच. आमच्या रस्त्याच्या टोकाला उभं राहिलं की दक्षिणेला आभाळात सरळ पांढरी भिंत दिसायची आणि आमच्या डोक्यावर चक्क ऊन. एकच मेट्रो एरिया, एकच दिवस. त्या दिवशी बातमीत नुसतं "बफेलोत बर्फ" म्हटलं असतं तर कोणालाच काही कळलं नसतं. कुठे, किती, किती वाजेपर्यंत, हे सांगावं लागतं आणि ते सांगणारी बरीचशी माणसं आमच्यासारखी घरोघरची असतात. २०२२ च्या नोव्हेंबरात ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्गला ८० इंचांच्या आसपास पडला, साडेसहा फुटांहून जास्त, ते आकडेसुद्धा कोणीतरी पट्टी घेऊन बाहेर गेलं म्हणूनच आपल्याला माहीत आहेत.

आणि पट्टी कुठेही खुपसायची नसते. १६ बाय २४ इंचाची प्लायवूडची फळी, पांढरी रंगवलेली, अंगणात मोकळ्यावर ठेवायची, शेजारी झेंडी रोवायची म्हणजे गाडली गेली तरी सापडते. आकडा इंचाच्या दहाव्या भागापर्यंत. फळी सहा तासांच्या आत पुसायची नाही, नाहीतर स्नो खाली बसायला वेळ मिळत नाही आणि बेरीज फुगते. कोकोराझ नावाचा उपक्रम आहे, घरोघरची माणसं आपल्या अंगणातला पाऊस-स्नो मोजून कळवतात, त्यात मी रोज सकाळी सातला आकडा भरते. १९९७ ला कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला पूर आला, शहराच्या एका टोकाला धो धो आणि दुसऱ्या टोकाला किरकोळ पाऊस, ते नीट पकडायला मधे पुरेशी मापं नव्हती, म्हणून १९९८ ला हे सुरू झालं. स्नो नुसता मोजून भागत नाही, पर्जन्यमापकाच्या नळकांड्यात आलेला घरात आणायचा, मोजून कोमट पाणी घालायचं, वितळला की घातलेलं पाणी वजा करायचं. मागच्या जानेवारीत एकदा फळीवर ९.४ इंच भरला होता, किचनच्या ओट्यावर वितळवला तर पाणी जेमतेम अर्धा इंच. म्हातारीच्या कापसासारखा हलका, फुंकर मारली तर उडेल असा. दुसऱ्या कुठल्या वादळात तेवढाच स्नो दुप्पट पाण्याचा निघतो आणि उचलताना कंबर धरते. एकाच शब्दाखाली इतके प्रकार असतात हे हाताने मोजल्याशिवाय कळत नाही.

२०२२ च्या ख्रिसमसचं वादळ मात्र वेगळं होतं, त्याबद्दल लिहिताना अजून घशात येतं. हवामान खात्याने चार दिवस आधीपासून सांगितलं होतं, आम्हीही रोज बघत होतो. गुरुवारी २२ तारखेला मी आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाला फोन करून टोरंटोला निघू नका म्हणून अक्षरशः हातापाया पडले, ते रुसले पण थांबले. शुक्रवारी सकाळी वारा सुटला आणि पुढचे ३७ तास समोरचा दिव्याचा खांब दिसत नव्हता. एअरपोर्टला ५१.९ इंच नोंद झाली. आमच्या काउंटीत चाळीसहून जास्त माणसं गेली, काही गाडीत, काही घरात, काही चालत निघालेली. त्या चार दिवसांत मी फळी पुसायला बाहेर गेलेच नाही, आणि माझ्या वहीत तिथे रकाने कोरे आहेत ते कोरेच ठेवलेत.

आता निफाडकडे येते. माझा दादा अजून बाग करतो. हिवाळ्यात त्याचे पहाटेचे साडेपाच म्हणजे माझे आदल्या संध्याकाळचे सात, त्या वेळी आमचा फोन ठरलेला. तो बागेत दोन थर्मामीटर लावतो, एक छातीच्या उंचीवर आणि एक जमिनीलगत, कारण निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून देते, थंड हवा जड म्हणून खोलगटात साचते आणि खालचा पारा वरच्यापेक्षा चार-पाच अंशांनी उतरू शकतो. पेपरात "पारा ५ अंशांवर" येतं ते वरचं माप असतं, आणि गवतावर मात्र शून्य झालेलं असतं. वेण्णा लेकलाही हेच होतं. दादा त्या आकड्यावर ठरवतो शेकोट्या पेटवायच्या का, ठिबकने पाणी सोडायचं का. उशीर झाला तर मण्यांची फुगवण थांबते, तडे जातात, वर्षभराचा खर्च अंगावर. "ताई, वरती साडेपाच, खालती एक," असं तो म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजावरून मला कळतं रात्र कशी गेली.

म्हणून ही माझी कळकळ आहे. ज्या पहाटे दादा डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो त्या पहाटेची बातमी "बर्फवृष्टीने पर्यटक खूश" अशी येते. गारपिटीचं तर आणखी वाईट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात केवढी गारपीट झाली, गहू, हरभरा, द्राक्ष, डाळिंब आडवं झालं, आणि तेव्हापासून कुठे गारांचा खच पडला की मोबाईलवर "आमच्या गावाचं काश्मीर झालं" म्हणून व्हिडिओ फिरतात आणि पेपरातही तेच शब्द येतात. गार ही गडगडाटी ढगात वर-खाली होत गोठलेला गोळा, दंव जमिनीवरच धरतं, आणि स्नो ढगात स्फटिक होऊन तरंगत खाली येतो. शेतकऱ्याला तिघांवर वेगवेगळा उपाय करावा लागतो, विम्याच्या फॉर्मवर कारण वेगवेगळं लिहावं लागतं. आपल्या भाषेत दंव, दहिवर, हिमकण, गारा इतके नेमके शब्द असताना सगळ्यावर बर्फवृष्टीचं पांघरूण कशाला?

आणि हवामानाची आवड आपल्याकडे नाही असंही नाही. पुण्यात शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या कचेरीला आजही लोक सिमला ऑफिस म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेच सांगतात, कारण १९२८ ला हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं. दादासारखे बागेत थर्मामीटर लावणारे लोक तालुक्यात कितीतरी आहेत, वहीत लिहून ठेवतात, फक्त ते कोणी विचारत नाही.

तर एवढंच करा. डिसेंबर ते फेब्रुवारी रोज एका कोपऱ्यात छोटी चौकट द्या: गाव, जमिनीलगतचं पहाटेचं तापमान, दंव धरलं की नाही, कुठे मोजलं. सुरुवातीला पाच-सहाच गावं आली तरी चालतील. दादा रोज सहाच्या आत आकडा पाठवायला तयार आहे, त्याच्या ओळखीचे आणखी चौघे आहेत, आकडा कुठे पाठवायचा तेवढं कळवा.

आपली,
एक नियमित वाचक
ॲम्हर्स्ट, न्यूयॉर्क राज्य (माहेर निफाड)