सूत्रात मुरलेला वर्णभेद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्णभेदाची चर्चा निघाली की ती बहुधा मनोवृत्तीभोवती फिरते. कोण कोणाला काय बोलले, कोणाला कुठून उठवले, कोणाचा पुतळा ठेवायचा आणि कोणाचा काढायचा. हे सगळे महत्त्वाचे आहेच. पण भेदभावाचा एक भाग यंत्रांत, सूत्रांत आणि छापील फॉर्मांत जाऊन बसतो. तो चालू राहायला कोणाच्या मनात द्वेष असावा लागत नाही. अमेरिकेतल्या वैद्यकाने याची नोंद आकड्यांनिशी ठेवली आहे, म्हणून हे पत्र.

किडनी किती काम करते हे थेट मोजणे जिकिरीचे असते. त्यामुळे रक्तातले क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारे, किडनीने गाळून टाकायचे द्रव्य) तपासतात आणि वय व लिंग घालून सूत्राने अंदाज काढतात. हाच अहवालातला ईजीएफआर. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर जुनाट आजार, १५ च्या खाली गेला तर किडनी निकामी. १९९९ साली आलेल्या सूत्रात आणखी एक प्रश्न घुसला: रुग्ण कृष्णवर्णीय आहे का? असल्यास उत्तराला सुमारे १.२ ने गुणायचे. २००९ च्या सुधारित सूत्रात हा गुणक १.१५९ झाला. किडनी तेवढीच काम करत असताना अभ्यासातल्या कृष्णवर्णीय रुग्णांचे क्रिएटिनिन जास्त आढळले, तेव्हा त्यांचे स्नायू जास्त असणार, असे स्पष्टीकरण दिले गेले. त्याला आधार तुटपुंजा होता. शिवाय कृष्णवर्णीय कोणाला म्हणायचे, हे सूत्र सांगत नव्हते. कित्येक प्रयोगशाळा एकाच रक्ताचे दोन आकडे छापत, एक ‘आफ्रिकन अमेरिकन’साठी आणि एक बाकीच्यांसाठी. आई गोरी आणि वडील काळे असतील तर कोणता आकडा खरा धरायचा, हे डॉक्टरच्या नजरेवर.

या गुणकाने काय केले ते पाहा. मृत दात्याच्या किडनीसाठी तिथे प्रतीक्षाकाळ मोजायला सुरुवात होते ती ईजीएफआर २० किंवा त्याखाली आल्यावर, नाहीतर डायलिसिस सुरू झाल्यावर. मूळ आकडा १८ असलेल्या गोऱ्या रुग्णाचा काळ मोजला जाऊ लागलेला असतो. तेवढ्याच क्रिएटिनिनच्या, त्याच वयाच्या काळ्या रुग्णाच्या अहवालावर १८ गुणिले १.१५९, म्हणजे जवळपास २१ छापून येतात. ‘अजून वेळ आहे’, असे सांगून त्याला परत पाठवले जाते. त्याचा मूळ आकडा १७.२ पर्यंत उतरेल तेव्हा कुठे छापील आकडा २० होणार. किडनी वर्षाला दोन अंकांनी घसरत असेल तर २० वरून १७.२ वर येण्यात सव्वा वर्षाहून अधिक काळ गेला. किडनीवाटपात प्रतीक्षेच्या प्रत्येक वर्षाला एक गुण मिळतो, म्हणजे हा गुणही गेला.

२०२१ मध्ये तिथल्या किडनीतज्ज्ञांच्या संयुक्त कृतिगटाने वंशविरहित सूत्राची शिफारस केली. पुढे प्रत्यारोपणाच्या कामात वंशाधारित सूत्र वापरण्यास मनाई झाली, आणि जानेवारी २०२३ पासून जुना हिशेब दुरुस्त करायची सक्ती आली. दुरुस्तीची पद्धत अशी: रुग्णालयाने यादीतल्या प्रत्येक कृष्णवर्णीय रुग्णाचे जुने अहवाल काढायचे, गुणक वगळून ईजीएफआर पुन्हा मांडायचा, तो पहिल्यांदा २० किंवा त्याखाली कधी आला ती तारीख पुराव्यासह कळवायची, प्रतीक्षा त्या तारखेपासून धरली जाते. १४ हजारांहून अधिक रुग्णांचा काळ असा सरासरी सुमारे दोन वर्षांनी वाढला. मागच्या चुकीची भरपाई करणारी इतकी नेमकी तजवीज क्वचितच दिसते. तरीही तिला एक भोक आहे. भरपाई जुन्या अहवालावर अवलंबून, आणि ज्याच्याकडे विमा नव्हता, जो थेट डायलिसिसच्या खुर्चीतच पोहोचला, त्याचा जुना अहवाल येणार कुठून? गुणकामुळे जे यादीत येण्याआधीच गेले, त्यांच्या भरपाईचा तर प्रश्नच नाही.

फुप्फुसाच्या चाचणीची कुळकथा याहून जुनी आणि याहून ओंगळ आहे. लुइझियानातला डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट याने १८५१ मध्ये लिहिले की गुलामांच्या फुप्फुसांची क्षमता गोऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी असते. त्यावरचा त्याचा उपाय होता सक्तीची मेहनत! पुढच्या मोजण्यांतही फरक दिसत राहिला, पण बालपणीचे पोषण, धूळ, धूर, कामाची जागा ही कारणे तपासण्याऐवजी फरकच ‘नैसर्गिक’ ठरवला गेला. त्यामुळे स्पायरोमीटरच्या (फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजणाऱ्या यंत्राच्या) संगणकात काळ्यांसाठी १० ते १५ टक्के आणि आशियाईंसाठी ४ ते ६ टक्के वजावट बसली. एखाद्या कामगाराची अपेक्षित क्षमता ४ लिटर आहे आणि तो ३ लिटर फुंकतो असे धरा. हे झाले ७५ टक्के, म्हणजे ८० टक्क्यांच्या रूढ रेषेखाली; तो आजारी. १५ टक्के वजावट केली की अपेक्षाच ३.४ लिटरवर येते, तेच ३ लिटर ८८ टक्के होतात आणि तो निरोगी. १९९९ मध्ये बाल्टिमोरच्या न्यायालयात अ‍ॅसबेस्टॉसच्या धुळीने फुप्फुस बिघडल्याच्या भरपाई दाव्यांत कृष्णवर्णीय कामगारांसाठी वेगळा, अधिक कडक निकष लावण्याची मागणी झाली, ती याच गणिताच्या जोरावर.

२०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या फुप्फुसतज्ज्ञांच्या संघटनेने वंशविरहित समीकरण सुचवले. मात्र वजावट काढली की सगळ्यांचे भलेच होते, असे समजणे भाबडेपणाचे आहे. फुप्फुस ‘कमी’ दिसल्यावर भरपाई मिळू शकते, तशी एखादी शस्त्रक्रिया किंवा अग्निशामकाची नोकरी नाकारलीही जाऊ शकते. किडनीचेही तसेच: ईजीएफआर ३० च्या खाली दिसला की मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध बंद करावे लागते. म्हणून एका आकड्यावर निर्णय न घेता क्रिएटिनिनच्या जोडीला रक्तातले सिस्टॅटिन सी हे प्रथिनही तपासावे, ही शिफारस आम्हाला सूत्रबदलाइतकीच मोलाची वाटते.

करोनाकाळात घरोघर पोहोचलेला पल्स ऑक्सिमीटर बोटातून ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा अवरक्त प्रकाश सोडतो आणि तो किती शोषला गेला यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज काढतो. त्वचेतले मेलॅनिन लाल प्रकाश जास्त शोषते, आणि यंत्राची जुळणी बहुतांशी उजळ त्वचेच्या स्वयंसेवकांवर झालेली असते. वैद्यकीय उपकरणांच्या अमेरिकी नियामकाची २०१३ ची मार्गदर्शक सूचना किमान १० स्वयंसेवक मागते. त्यांत गडद त्वचेचे निदान २ किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के निघाले.

जगात कुठेही अहवाल हाती आला तर तीन गोष्टी बघता येतात. ईजीएफआरखाली सूत्राचे साल २०२१ आहे की २००९. स्पायरोमेट्रीच्या पानावर वंशाचा रकाना भरला आहे का, आणि संदर्भ समीकरण कोणते. आणि त्वचा गडद असेल, धाप लागत असेल, तरी ऑक्सिमीटर ९४ दाखवत असेल, तर बोट गरम करून, नखाचा रंग पुसून पुन्हा मोजावे. धाप तशीच राहिली तर आकड्यावर न विसंबता धमनीतल्या रक्ताची तपासणी मागावी.

आपले,
रुग्णालयीन प्रयोगशाळेत काम करणारे काही वाचक