फॉर्मवर सही का नाही केली

बेटा,

फोन तू उचलत नाहीयेस, उचललास तरी वॉर्डन सर बोलवताय म्हणून लगेच ठेवून देतोस, म्हणून शेवटी लिहायला बसलो. मम्मी म्हणते पोराला दोन दिवस एकटं सोडा. मला सोडवत नाही.

आजीकडून कळलं तुझं म्हणणं. पप्पांनी वय कमी करायच्या त्या फॉर्मवर सही केली असती तर पुढच्या वर्षी पण कबड्डी अंडर-14 लाच खेळलो असतो आणि जिल्हा आरामात काढून विभागाला नाशिकला गेलो असतो. खरंय, गेला असतास. उगाच नाही कशाला म्हणू.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, तो फॉर्म दोन दिवस माझ्याकडे कपाटात होता. लगेच नाही म्हटलं असं काही नाही. जे सर आले होते ते म्हटले, दाखल्यात एका वर्षाची दुरुस्ती करून घेऊ, आधार नंतर अपडेट होतं, सगळेच करतात. आणि माझ्या डोक्यात काय काय आलं, दहावीचे ग्रेस मार्क आले, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण आलं, सायगावचे विजय चौधरी आले, आपल्याच चाळीसगाव तालुक्यातले, 2014, 2015, 2016 सलग तीनदा महाराष्ट्र केसरी आणि मग पोलिसात डीवायएसपी. म्हणजे जिंकल्याने काही होत नाही असलं मी तुला कधी सांगणार नाही, खूप होतं. हरल्यावर "खेळात भाग घेणं महत्त्वाचं" म्हणणारे लोक मलाही आवडत नाही. आपली आजी बरी, ती सरळ म्हटली, हारना ते हारना, जेवाले बस आते.

पण "सगळेच करतात" हे वाक्य मी जिनिंगवर कापसाला पाणी मारून वजन वाढवणाऱ्यांकडून पण ऐकलंय.

आपण हरलो त्या फायनलला समोरच्या टीमचा तो मोठा पोरगा, मिशी फुटलेला, ज्याने तुला दोन वेळा उचलून बाहेर टाकलं, त्याचं वय चोरलेलं होतं असं तुम्ही सगळे म्हणताय. असेल. नसेल पण. शाळेच्या स्पर्धेला 1 जानेवारीची तारीख धरतात, आणि तू नोव्हेंबर संपता संपता झालेला. तो जानेवारीचा असला तर अजिबात खोटं न करता तुझ्यापेक्षा दहा-अकरा महिने मोठा. चाळिशीत अकरा महिने म्हणजे काहीच नाही, पण तेरा-चौदाव्या वर्षी तेवढ्यात पोरगं चार बोटं वाढतं, आवाज फुटतो, खांदे भरतात. म्हणून क्रिकेट बोर्ड अंडर-16 च्या पोरांच्या डाव्या मनगटाचा एक्सरे काढतं, हाडाच्या टोकाशी वाढीची जी फट असते ती किती भरली त्यावरून वय ठरवतात, फुटबॉलवाले तर अंडर-17 वर्ल्डकपला 2009 पासून मनगटाचं एमआरआय करताय. आपल्याकडे शाळेच्या लेव्हलला कागदावर चालतं.

आता बघ, ती मिशीवाली पोरं ताकदीवर जिंकतात ना, त्यांना पाय वापरावाच लागत नाही, नुसतं ओढून येतात. अठराव्या वर्षी सगळ्यांचे खांदे सारखे झाले की मग यांच्याकडे हातांच्या साखळीखालून निसटायची डुबकी नाही, पायाच्या बोटाने शिवायचा टो टच नाही, काही नाही. आमच्या वेळचे असे दोघं तरी मला माहीत आहे, आठवीत अख्ख्या तालुक्यात नाव आणि बारावीनंतर टीममध्ये पण नाही. मी सही केली असती तर तू पुढच्या वर्षी तो पोरगा झाला असतास.

अजून एक, हे मम्मीला पण मी कधी सांगितलं नाही.

ओट्यावर तो जुना टेबल फॅन आहे ना, जो तू लहानपणी दोरा बांधून फिरवायचास, तो मला कबड्डीत मिळाला. यात्रेतल्या ओपन स्पर्धेची फायनल, मी राइट कॉर्नरला, एका पॉइंटने पुढे आम्ही आणि शेवटची चढाई. रेडर वाकला आणि त्याची बोटं माझ्या टाचेला लागली. चांगली लागली, अजून जाणवतं. पंच दुसरीकडे बघत होता. रेडर पॉइंट मागतोय आणि मी आईची शपथ घेऊन सांगतोय लागलाच नाही. पंचाने मला मानलं, आम्ही जिंकलो, गुलाल उधळला, फॅन डोक्यावर घेऊन गावात आलो. तुझ्या आजीने त्याला हळद-कुंकू लावलं, आणि मी तिचीच शपथ घेऊन आलेलो.

तो रेडर मला वीसेक वर्षांनी बाजार समितीत भेटला, दोघं मक्याच्या गाड्या घेऊन रांगेत. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मध्येच म्हटला, काय रे भो, लागला होता ना तेव्हा? मी म्हटलं हो. तो हसला, माले माहीत व्हतं म्हटला, आणि चहाचे पैसे पण त्यानेच दिले. मला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी तू अंडर-17 ला जाशील आणि बहुतेक सगळ्यात बारका असशील. मार खाशील, टीममध्ये बसवून पण ठेवतील, त्याची तयारी ठेव. ती भीती मलाही आहे.

पण फायनलचा व्हिडिओ मी चार वेळा बघितला. आपण तीन पॉइंटने हरलो. त्यात तुझे तीन बोनस गेले, समोर सात जण उभे होते म्हणजे बोनस होताच, पुढचा पाय लाइनच्या पलीकडे बरोबर टाकतोस पण मागचा पाय जमिनीवरून सुटतच नाही, अंगठा घासत राहतो, मग पंच कसा देईल. त्या तिन्ही वेळेला मिशीवाला तुझ्या जवळपास पण नव्हता.

दिवाळीपर्यंत कापूस घरात भरला की खळं रिकामं होतं. चुना आणून ठेवलाय, बोनस लाइन मारून ठेवतो. बूट आणू नको, अनवाणीच खेळू.

पप्पा