चोरखिसा

पाचोरा,
दि. 9 डिसेंबर 2025

प्रिय सुरेश यास,
सप्रेम नमस्कार.

येथे सर्व ठीक आहे, असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो. माझी साखर आटोक्यात आहे, शैलाची कंबर अधूनमधून धरते. चार वर्षांनी माझे अक्षर पाहून तू पाकीट उलटसुलट करून पाहिले असशील. फोन करणार होतो. पण तू उचलला नसतास तर पुन्हा करण्याचे धैर्य झाले नसते, आणि उचलला असतास तर "काय, कसं काय" करून आपण दोघांनी तो ठेवून दिला असता.

पत्रास कारण नाना. दत्तजयंतीच्या पहाटे ते घरातून निघून गेले आणि सव्वादोन तासांनी सापडले. सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकतो, कारण असा मजकूर पोटात गोळा घेऊन वाचणे काय असते ते तुला ठाऊक आहे.

दीड वर्षापूर्वी जळगावच्या डॉक्टरांनी अल्झायमरचे निदान केले. या आजारात नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग आधी खचतो आणि जुन्या आठवणी बराच काळ तग धरतात, हे त्यांनी समजावून सांगितले. त्याप्रमाणे सकाळचा चहा घेतल्याचे नानांना आठवत नाही, पण 1974 च्या रेल्वे संपात कोण शेवटपर्यंत टिकले आणि कोण फुटले, ती यादी ते नावानिशी सांगतात. तुझ्या काकांचे नाव कोणत्या यादीत आहे ते लिहीत नाही. एक भांडण मिटवायला बसलो आहे, दुसरे कशाला उकरू? संध्याकाळ झाली की त्यांची घालमेल वाढते आणि पहाटे चारला ड्युटीची वेळ होते. पीजे, आपली पाचोरा-जामनेरची छोटी गाडी, 2020 च्या टाळेबंदीत बंद पडली ती पडलीच, हे त्यांना दिवसातून तीनदा सांगावे लागते आणि तिन्ही वेळा त्यांना नव्याने वाईट वाटते. म्हणून आता आम्ही सांगत नाही.

पहिल्यांदा ते उन्हाळ्यात निघून गेले, तेव्हा रिक्षावाल्या पोरांनी आणून सोडले. मग पुण्याच्या पुतण्याने एक गोल बिल्ला पाठवला. तो जीपीएसचा नाहीच, जवळून जाणाऱ्या आयफोनच्या ब्लूटूथवर तो आपला पत्ता कळवतो, हे मला आठवड्याने कळले. नानांच्या वाटेवर म्हशी जातात, आयफोन जात नाहीत. त्यानंतर सिमकार्डाचे मनगटी घड्याळ आणले, तर "एका हातले दोन टाइम कशाले?" म्हणून त्यांनी ते स्टँडवरच्या चहावाल्याच्या पोराला देऊन टाकले. मी शाळेत तिसऱ्या तासाला फोनमध्ये पाहून निश्चिंत होतो की नाना तीन तास चहाच्या दुकानी गप्पा मारत आहेत. नाना त्या वेळी कापसाच्या ट्रॅक्टरवर बसून थेट जिनिंगच्या फाटकापर्यंत पोहोचले होते.

शेवटी काडेपेटीएवढे एक यंत्र घेतले आणि शैलाने त्यांच्या प्रत्येक बंडीला आतून, काखेच्या खाली, एक खिसा शिवला. त्यांना न सांगता. अशा खिशाला आपल्याकडे चोरखिसा म्हणतात, हे शिवून झाल्यावर माझ्या ध्यानात आले. एकदा ती बंडी यंत्रासकट बादलीत भिजली आणि यंत्र दोन दिवस तांदळाच्या डब्यात राहिले, एवढे वगळता ते चालते.

पण चालते म्हणजे काय, हे मला या सहा महिन्यांत कळले. ते यंत्र वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांचे नुसते ऐकते. निदान चार उपग्रह ऐकू आले की आपली जागा ठरवते आणि मग ती मोबाइलच्या नेटवर्कवरून माझ्या फोनला कळवते. आपल्या पत्र्याच्या घरात त्याला आभाळ नीट दिसत नाही, तेव्हा ते टॉवरवरून अंदाज बांधते. मी घराभोवती दोनशे मीटरचे कुंपण आखले, तर नाना खाटेवर घोरत असताना रात्री दोनला ते कुंपणाबाहेर गेल्याचा गजर झाला. सलग चार रात्री तसेच झाले. कुंपण चारशे मीटरचे केले, तर गजर होईपर्यंत ते फाटकाशी पोहोचलेले असतात. दर मिनिटाला जागा कळवायला सांगितले तर बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दहा मिनिटांवर ठेवली तर तीन दिवस टिकते, पण दहा मिनिटांत काय काय होऊ शकते याचा हिशेब डोक्यात चालू राहतो. रोज रात्री नाना झोपले की मी उठून त्यांच्या काखेतले यंत्र काढतो, चार्जिंगला लावतो आणि ते जागे होण्याआधी परत ठेवतो. लहानपणी त्यांच्या बंडीतून आपण दोघांनी बिडीसाठी पैसे काढले होते, त्यापेक्षा आता जास्त सराईत झालो आहे.

त्या पहाटे गजर साडेचारनंतर लगेच झाला होता. मागच्या चार रात्रींच्या त्रासाने मी फोनचा आवाज बंद करून ठेवला होता. हे मी शैलालाही अजून सांगितलेले नाही. पाचला तिला पुढचे दार उघडे दिसले. नकाशावर ठिपके होते: दर दहा मिनिटांना एक, वरखेडीच्या दिशेने, रुळाच्या रेषेवर ओळीने, आणि दोन ठिपक्यांत जवळजवळ सारखेच अर्ध्या किलोमीटरचे अंतर. रस्ता चुकलेला माणूस असा चालत नाही. ती रूळ तपासणाऱ्या चावीवाल्याची चाल होती, खांद्यावर हातोडा घेऊन निघालेल्याची.

साडेपाचनंतर ठिपका आला नाही. त्या पट्ट्यात नेटवर्क नसते, हे तूही जाणतोस. म्हणजे नाना कुठे आहेत हे त्यांच्या काखेतल्या यंत्राला माहीत होते आणि ते कोणाला सांगू शकत नव्हते. मोटारसायकलवर मला कोणता विचार सुचावा? मला वाटले, नानांची आणि त्या यंत्राची जोडी छान जमली आहे. अशा वेळी माणसाला विनोद सुचतो याची लाज वाटते, पण तुला सांगायला वाटत नाही.

मी त्यांची चाल धरून अंतर मोजले, गाडी रस्त्यावर लावली आणि कापसातून आडवा घुसलो. थंडी होती, उजाडू लागले होते. पुढच्या मोरीवर ते बसलेले दिसले. हातात दगड होता. मोरीच्या कठड्यावर ते एकदा ठोकत, कान लावत, हातभर सरकत, पुन्हा ठोकत. मी जवळ जाऊन उभा राहिलो तेव्हा वर पाहून म्हणाले, "तू कोना आंडोर शे?" मी म्हटले, तुमचाच मुलगा. त्यावर ते रागावले: "मंग इतला उशीर का कया?"

गाडीवर मागे बसल्यावर त्यांच्या हाताला काखेखालचा तो चौकोन लागला. "हाई काय शे?" मी सांगितले, चुन्याची डबी. तेव्हापासून ते बंडीवरूनच ती डबी चाचपतात आणि शैलाकडे तक्रार करतात की ती उघडत नाही.

दीड वर्षापूर्वी, निदान झाले तेव्हा, त्यांना सगळे समजत होते. तेव्हा विचारले असते की नाना, असे एक यंत्र अंगावर ठेवू का, तर त्यांनी हो किंवा नाही म्हटले असते; बहुधा शिवी देऊन हो म्हटले असते. आम्ही विचारले नाही, कारण विचारणे म्हणजे पुढचे बोलून दाखवणे होते. आता विचारून उपयोग नाही.

आता कडीचे लिहितो. तुझ्या माईंच्या खोलीला बाहेरून कडी पाहून तुझ्या ओट्यावर, चार माणसांसमोर, मी जो शब्द वापरला तो मला आठवतो, तुलाही आठवत असणार. तू एवढेच म्हणालास, "तुझ्यावर वेळ आली की बोलू." दहाव्याला आलो तेव्हाही आपण बोललो नाही. गुरुवारी रात्री मी नानांच्या खोलीला बाहेरून कडी लावली. पहाटे चारला आतून आवाज आला. ओरडणे नव्हे. दारावर एकदा ठोकायचे, थांबायचे, थोडे खाली सरकून पुन्हा ठोकायचे. मी बाहेर उभा राहून ऐकले आणि कडी काढली. रात्री पुन्हा लावली.

तुझ्या निवृत्तीचे कळले, सूनबाईच्या नोकरीचेही. अभिनंदन, वहिनींना नमस्कार. गुडघ्याचे ऑपरेशन करणार असशील तर पुढे ढकलू नकोस. वांगी आली आहेत, भरिताला येणार असशील तर ये.

तू कडी लावण्याआधी माईंना काही सांगत असस का? सांगत असलास, तर काय सांगत असस, तेवढे कळव.

तुझा,
प्रकाश