गर्भपिशवी काढली, पण तपासायला पाठवली का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. परवा एक गृहस्थ काउंटरवर वाद घालत होते की ऑपरेशन झालं, गर्भपिशवी काढून टाकली, आता त्या गोळ्याच्या तपासणीचे वेगळे पैसे कशाला, घाण गेली ना एकदाची. असं म्हणणारे ते एकटे नाहीत, आणि काही ठिकाणी तर दवाखानेच पाठवत नाहीत. माझ्याच नात्यातल्या एका बाईंची पिशवी काढली, आम्ही रिपोर्ट मागितला तर म्हणे साधी गाठ होती, पाठवायची गरज वाटली नाही.

बहुतेक वेळा फायब्रॉइड (कॅन्सर नसलेली साधी गाठ) नाहीतर अ‍ॅडेनोमायोसिसच (अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरणं) निघतं, हे खरंय. पण सोनोग्राफीत फायब्रॉइड दिसलेली गाठ क्वचित सारकोमा, म्हणजे कॅन्सरची गाठ, निघते आणि ते स्लाइड पाहिल्याशिवाय खात्रीने कोणी सांगू शकत नाही, पिशवीच्या आतल्या अस्तरात कॅन्सर निघाला तर तो भिंतीत किती खोल गेलाय यावर पुढे रेडिएशन लागणार का ते ठरतं. पिशवी एकदा बायोमेडिकल कचऱ्यात गेली की विषय संपला.

खरं तर ऑपरेशनच्या आधीच तुकडा काढून तपासायला हवा, त्यालाच बायोप्सी म्हणतात. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून रक्त गेलं, अगदी थोडंसं का असेना, तर तपासणीसाठी थांबायचं नाही. तसंच पॅप टेस्ट (पिशवीच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी) खराब आली म्हणजे लगेच पिशवी काढायची असं नाही, पॅपमध्ये फक्त पेशी दिसतात, संशय कळतो, नक्की काय ते दुर्बिणीतून बघून घेतलेल्या बायोप्सीत कळतं. सीआयएन म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशींतले कॅन्सरच्या आधीचे बदल, त्यातलं सीआयएन १ बऱ्याचदा आपोआप जातं, २ आणि ३ ला बहुतेक वेळा तेवढाच भाग काढला की भागतं. उलट आत कॅन्सर असताना न तपासता साधं ऑपरेशन केलं तर पुढची ट्रीटमेंट अवघड होऊन बसते. आणि तुकडा काढला की कॅन्सर पसरतो ही भीती कृपया डोक्यातून काढा.

आता दवाखान्यांसाठी थोडं, कारण सुरगाणा, पेठ, कळवणकडून सॅम्पल येतात ते बघून जीव जातो. अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेली पिशवी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे सॅम्पल सडू नये म्हणून घालतात त्या द्रवात, कडक होते, मग बाहेरच येत नाही, बरणी फोडावी लागते. फॉर्मॅलिन जेमतेम बुडेल एवढं, खरं तर सॅम्पलच्या दहापट पाहिजे. ते तासाला साधारण एक मिलिमीटरच आत मुरतं, म्हणून अख्खी पिशवी न उघडता टाकली की बाहेरून ठीक आणि आतलं अस्तर, जे आम्हाला बघायचंय तेच, सडलेलं. नाव बरणीवर लिहा हो, झाकणावर नको, झाकणं बदलतात! आणि टीबीचा संशय असेल तर कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघायला, वेगळा तुकडा सलाइनमध्ये द्या, फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात मग वाढणार काय.

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचा प्रश्न गाजला, सरकारने समितीही नेमली. माझं म्हणणं एवढंच की लॅबचा रिपोर्ट असला तर ही पिशवी का काढली हे नंतर कुणालाही विचारता येतं, तो नसला की डॉक्टर सांगतील ते खरं. म्हणून नाशिक महापालिका आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी एवढं बघावं की पिशवीच्या प्रत्येक ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डवर सॅम्पल कुठल्या लॅबला, कुठल्या तारखेला पाठवलं ही ओळ असेल. रिपोर्टची मूळ प्रत पेशंटच्या हातात, दवाखान्याच्या फाइलला झेरॉक्स.

एक लॅब टेक्निशियन,
पंचवटी, नाशिक