रविवारची स्पर्धा : घरून खेळणाऱ्यांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी 9.30 ला टिळकवाडीतल्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये जलद बुद्धिबळ स्पर्धा आहे. जांबोटी-कणकुंबीकडचे आणि जिना चढणं ज्यांना जमत नाही, अशा सभासदांना या वेळी घरून खेळता येईल. बाकीच्यांनी हॉलवरच यायचं. पावसाची सबब चालणार नाही! नावं गुरुवारपर्यंत सचिवांकडे द्यावीत.

– कॅमेरे दोन हवेत. एक चेहऱ्यासमोर, दुसरा बाजूने, स्क्रीन आणि दोन्ही हात दिसतील असा. दुसऱ्यासाठी घरातला जुना मोबाइल चालतो, फक्त चार्जरला लावून ठेवा.
– मदतनीस लागत असेल तर आधी कळवा. खेळाडूने सांगितलेली चाल मदतनीसाने खेळायची, स्वतः सुचवायची नाही.
– अंध खेळाडूंनी चाल तोंडी सांगावी, हॉलमधला स्वयंसेवक ती पटावर खेळेल.
– वीज किंवा रेंज गेली तरी घड्याळ चालूच राहील. 2020 च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम सामन्यात इंटरनेट कोलमडलं म्हणून भारत-रशियाला संयुक्त विजेतेपद मिळालं. आपल्याकडे तशी सोय नाही.

कॅमेऱ्याची चाचणी शनिवारी संध्याकाळी 7 ला. ती चुकवणाऱ्यांना घरून खेळता येणार नाही.

– सचिव