थालीपिठाचा टाको का मोडतो?

महोदय,

पुण्या-मुंबईतल्या फ्यूजन रेस्टॉरंटांत दुपारच्या जेवणाला हल्ली थालीपिठाचा टाको, म्हणजे मेक्सिकोतल्यासारखी दुमडून सारण भरलेली पोळी, दिसू लागला आहे. बहुतेक ठिकाणी तो पहिल्याच घासाला मधोमध तुटतो, सारण ताटात सांडते आणि उरलेले काट्याने वेचून खावे लागते. यात थालीपिठाचा दोष नाही, दोष त्याला दुमडायला लावणाऱ्याचा आहे.

टाकोची पोळी मक्याची. मक्यात गव्हासारखे चिवट ग्लूटेन नसते, तरी ती वाकते. कारण मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, साल धुऊन टाकतात आणि ओलाच वाटतात. चुन्यामुळे ते पीठ एकजीव होते. भाजणीचे नेमके उलटे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे असे सगळे कोरडे भाजून जरा भरड दळलेले. भाजण्याने खमंगपणा येतो तसा चिकटपणा जातो. त्यात कच्चा कांदा. मीठ लागले की तो पाणी सोडतो. शिवाय तेल सोडायला बोटाने पाडलेली भोके असतात, दुमडताना पहिली चीर तिथूनच जाते. काही जण उपाय म्हणून निम्मा मैदा घालतात. मग मोडत नाही हे खरे, पण त्याला थालीपीठ कशाला म्हणायचे?

जमवायचेच असेल तर भाकरीवाल्यांची उकड कामाला येते. पाव वाटी उकळत्या पाण्यात पाव वाटी ज्वारीचे पीठ ढवळून पाच मिनिटे झाकावे. त्यात पाऊण वाटी भाजणी, चमचाभर तेल आणि लागेल तसे कोमट पाणी घालून मळावे, पंधरा मिनिटे मुरू द्यावे. कांदा पिठात नको, वरून घालावा. भोके न पाडता पातळ थापावे, झाकण ठेवून मऊ भाजावे आणि तव्यावरून उतरताच लाटण्यावर टाकून वाकवावे. गार झाल्यावर वाकवाल तर मोडणारच. टोमॅटोचा साल्सा चाळणीत निथळून मगच भरावा.

खरे तर एवढ्या खटाटोपाची गरजच नाही. मेक्सिकोतच टोस्टाडा नावाचा सपाट, कुरकुरीत प्रकार आहे. थालीपिठाचे सोयरे ते. थालीपीठ पसरट ठेवा, वर लोण्याचा गोळा आणि सारण द्या, झाले.

याच रेस्टॉरंटांतला दुसरा पदार्थ सोलकढीचा पाना कोटा. पाना कोटा म्हणजे साय गोठवून केलेला इटालियन गोड पदार्थ. सोलकढी आपण तापवत नाही, कारण आमसुलाच्या आंबटपणात नारळाचे दूध गरम झाले की फाटते. पाना कोटा करताना मात्र सगळे एकत्र उकळतात आणि वाटीत दाणेदार थर बसतो. गोठवायला चायना ग्रासची (समुद्री शेवाळाची) पूड अर्ध्या लिटरला दोन ग्रॅम पुरते. ती अर्धी वाटी साध्या पाण्यात दोन मिनिटे उकळावी, आणि गरम असतानाच ढवळत सोलकढीत ओतावी. सोलकढी फ्रिजमधली नको, किंचित कोमट हवी. गार पडताच चायना ग्रासच्या गुठळ्या होतात. आणि लसूण, मिरची ठेवायची असेल तर हा प्रकार मेन्यूतल्या गोडाच्या पानावर छापू नये.

पुष्कळ ठिकाणी चायना ग्रासऐवजी जिलेटिन वापरतात. ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होते, हिरव्या ठिपक्याखाली बसत नाही. अस्सल इटालियन पार्मेजान चीजमध्ये वासराचे रेनेट (त्याच्या पोटातून काढलेले, दूध गोठवणारे द्रव्य) असते, मूळ वूस्टर सॉसमध्ये अँचोवी मासा. पेस्टोत (बेसिलच्या पानांच्या इटालियन चटणीत) पाइन नट महाग पडतात म्हणून शेंगदाण्याचे कूट घालणारेही आहेत. चवीला ते वाईट लागत नाही, पण शेंगदाणा न चालणाऱ्याला पेस्टोत तो असेल अशी शंकाही येत नाही. मेन्यूवर पदार्थाच्या नावाखाली ‘जिलेटिन’, ‘शेंगदाणा’, ‘मासा’ एवढे शब्द छापायला एक ओळ पुरते. तोवर ग्राहकांनी ऑर्डर देतानाच विचारावे आणि वेटरला ठाऊक नसेल तर आत जाऊन विचारून यायला सांगावे.

– पाककला प्रशिक्षक, पुणे